बाबांच्या पायावरची जुनी सूज: हत्तीरोगात उपचार नेमका कशाचा करायचा?

प्रश्न – वैनगंगाकाठची

नमस्कार. माझे वडील साठीच्या पुढचे असून ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी धानाची शेती करतात. त्यांच्या डाव्या पायाला बऱ्याच वर्षांपासून सूज आहे. सुरुवातीला ती संध्याकाळी दिसायची आणि रात्रभर झोपून उठले की उतरायची. आता ती सकाळीही तशीच असते, घोट्यापाशी कातडीची एक आडवी वळी पडली आहे आणि पावलाच्या वरची कातडी जाड व काळपट झाली आहे. उजवा पाय अगदी पहिल्यासारखा आहे. दर पावसाळ्यात, विशेषतः रोवणीच्या दिवसांत, त्यांना हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण येते, पाय लाल होऊन ठणकतो, आणि चार-पाच दिवसांनी ताप उतरला तरी पाय मात्र पूर्वीपेक्षा थोडा अधिकच जाड राहतो.

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी हत्तीरोग असल्याचे सांगून डीईसीच्या (हत्तीरोगाचे जंत मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्यांचा बारा दिवसांचा कोर्स दिला होता. तो कोर्स बाबांनी नंतरही अनेकदा घेतला, पण सूज जशीच्या तशी आहे. रात्री रक्त घेऊन तपासले तेव्हा जंतू आढळले नाहीत. पुढे दुसऱ्या एका दवाखान्यात लघवीच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांनी लघवीच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या. गावात कोणी रुईची पाने बांधायला सांगते, कोणी गरम विटेने शेकायला सांगते. बाबांनी आता ‘हे माझ्यासोबतच जायचे’ असे म्हणून विषय सोडून दिला आहे.

मला असे विचारायचे आहे की, रक्तात जंतू नसतील तर हा हत्तीरोगच कशावरून? असेल तर गोळ्यांनी सूज का उतरत नाही? आणि शस्त्रक्रियेखेरीज काही उपाय आहे का? घरात भावाची लहान मुले आहेत, त्यांना हा रोग लागेल अशी धास्ती आईने घेतली आहे. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे. मी नोकरीमुळे पुण्यात असते, त्यामुळे घरी आई-बाबांना स्वतःला करता येईल असे काही सांगितलेत तर फार उपयोग होईल.

उत्तर – सेवानिवृत्त आरोग्य पर्यवेक्षक

ताई, माझी बरीचशी नोकरी पूर्व विदर्भात हिवताप विभागात आणि हत्तीरोग पथकात झाली, त्यामुळे तुम्ही केलेले वर्णन माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. रक्त आणि गोळ्या या दोन्ही प्रश्नांचे उत्तर, जंत शरीरात नेमका कुठे राहतो, यात आहे.

हत्तीरोगाचे प्रौढ जंत रक्तात राहत नाहीत. ते लसीकावाहिन्यांत राहतात. रक्तवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपलेले जास्तीचे पाणी आणि प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या या बारीक नळ्या आहेत, आणि पायातले पाणी वरच्या दिशेने चढावे म्हणून त्यांच्यात ठिकठिकाणी झडपा असतात. जंत तिथे काही वर्षे मुक्काम करतात, वाहिन्या रुंदावतात, झडपा निकामी होतात आणि पाणी खालीच साठू लागते. मादीने सोडलेल्या सूक्ष्म अळ्या तेवढ्या रक्तात येतात, त्याही प्रामुख्याने रात्री, कारण त्यांना पुढे नेणारा क्यूलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच आम्ही लोकांच्या झोपेच्या वेळी दारे ठोठावून बोटातले रक्त मागत असू, आणि त्यावर लोक आम्हाला जे बोलत ते इथे लिहिण्यासारखे नाही.

सूज पक्की होईपर्यंत बहुधा ते जंत मरून गेलेले असतात किंवा अळ्या तरी थांबलेल्या असतात. त्यामुळे जुनी सूज असलेल्या माणसाचे रक्त निर्दोष निघणे हे नेहमीचेच आहे. त्यावरून हत्तीरोग नाही असे ठरत नाही. दिवसा करता येणारी अँटिजेनची (रक्तातले जंतांचे अंश ओळखणारी) पट्टी-चाचणी आता उपलब्ध आहे, पण जुन्या सुजेत तीही बऱ्याचदा नकारात्मकच येते. उलट, रक्तात भरपूर अळ्या असलेला माणूस दिसायला ठणठणीत असू शकतो, आणि रोग पसरतो तो अशा माणसांमुळे.

डीईसीचे काम आहे अळ्या मारणे आणि काही प्रमाणात प्रौढ जंत मारणे. बिघडलेली झडप दुरुस्त करणे हे त्या गोळीचे काम नव्हे आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. एकदा नीट घेतलेला कोर्स, सूज उतरली नाही म्हणून पुन्हा पुन्हा घेत राहण्यात काहीही हशील नाही. सरकारच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेचा डोस मात्र वेगळा. तो गावातील संसर्ग तोडण्यासाठी असतो आणि दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी माणसे वगळून सर्वांनी घ्यायचा असतो. देशात ही मोहीम 2004 पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. नागपूर जिल्ह्यात 2019 च्या सुरुवातीला डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देऊन तीन औषधांची पद्धत सुरू झाली. देशात ती अगदी सुरुवातीला जिथे वापरली गेली त्या जिल्ह्यांपैकी तो एक. गोळ्या आशाताईसमोर गिळायच्या असतात, खिशात ठेवायच्या नसतात, हे सांगून सांगून आमचे घसे बसले.

आता तुमच्या वडिलांच्या पावसाळी तापाबद्दल, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. हा ताप जंतांमुळे येत नाही, तो कातडीतून आत शिरलेल्या जिवाणूंमुळे येतो. साध्या पायात चिखलातून एखादा जिवाणू शिरला तर लसीका, म्हणजे या नळ्यांतून वाहणारे पाणी, त्याला वाहून नेते आणि वाटेतल्या ग्रंथी त्याचा बंदोबस्त करतात. साठलेल्या, प्रथिनांनी भरलेल्या पाण्यात मात्र त्याला रान मोकळे मिळते. अशा प्रत्येक तापात उरल्यासुरल्या वाहिन्यांना इजा होते, कातडीखाली कठीण तंतू वाढतात आणि सूज एक पायरी वर चढते. ताप गेल्यावर पाय पूर्वीपेक्षा जाड राहतो असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण हेच. म्हणून हत्तीपायाच्या रुग्णाला मी पहिला प्रश्न ‘सूज किती आहे’ असा विचारत नसे. ‘गेल्या वर्षात ताप किती वेळा आला’ असा विचारत असे.

जिवाणू शिरतात कुठून, हे तुम्हाला घरीच पाहता येईल. बाबांना उजेडात बसवा, डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट हलकेच फाकवा आणि बेचकीत पाहा. पांढरी पडलेली, भिजून मऊ झालेली कातडी, तिच्यात एखादी बारीक लालसर चीर आणि किंचित आंबूस वास असे काही आढळले तर त्या चिखल्या होत. सुजेमुळे बोटे एकमेकांना चिकटतात, बेचकी कधी वाळत नाही, बुरशी धरते, कातडी चिरते आणि दार उघडते. घोट्यावरच्या वळीच्या आतही असेच होते.

तेव्हा उपचार म्हणजे हे दार बंद ठेवणे. दिवसातून एकदा, शक्यतो शेतातून आल्यावर किंवा रात्री झोपण्यापूर्वी, साध्या पाण्याने आणि कोणत्याही साध्या साबणाने पाय धुवावा. सुरुवात गुडघ्यापासून करून खाली यावे, घासणी, दगड, नारळाची शेंडी यांपैकी काही वापरू नये, हाताने किंवा मऊ फडक्याने फेस करावा, वळीच्या आत आणि प्रत्येक बेचकीत बोट फिरवावे, आणि खाली पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवत राहावे. हे सगळे पुष्कळ जण करतात. चुकते ते पुढे. ओला पाय तसाच ठेवला तर धुण्याचा उपयोग निम्म्याहून कमी होतो. मऊ सुती कापडाने टिपून, न चोळता, पाय कोरडा करावा, आणि बेचक्यांसाठी जुन्या धोतराची बोटभर रुंदीची पट्टी ठेवून ती प्रत्येक दोन बोटांमधून सावकाश ओढून घ्यावी. त्यानंतर चिखल्यांवर बुरशीचे मलम (क्लोट्रिमॅझोल चालते), चीर किंवा जखम असेल तर तिथे जंतुनाशक मलम, आणि बाकी कोरड्या कातडीला थोडे खोबरेल तेल लावावे. तेल बेचकीत जाऊ देऊ नये. चिखल्या बऱ्या झालेल्या दिसल्या तरी मलम आणखी काही दिवस चालू ठेवावे.

यासाठी टब, मग, टॉवेल, साबण आणि मलम असा संच हत्तीरोगाच्या नोंदणीकृत रुग्णांना आरोग्य खात्याकडून दिला जातो. बाबांचे नाव यादीत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नोंद करून घ्या आणि आरोग्य सेवकाकडून एकदा पाय धुण्याचे प्रात्यक्षिक मागा. ते दाखवणे त्यांचे कामच आहे.

ताप आलाच तर त्या दिवसांत पाय उंचावर ठेवून पूर्ण विश्रांती, पायावर थंड पाण्याच्या घड्या, भरपूर पाणी, तापासाठी पॅरासिटामॉल, आणि वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून प्रतिजैविक सुरू करणे. गरम वीट, शेक, मालिश, घट्ट पट्टी, सुईने टोचून पाणी काढणे, रुईचा चीक हे सर्व अशा वेळी घातक आहे. रुईच्या चिकाने भाजलेले पाय मी पाहिले आहेत, त्यामुळे याबाबतीत मी थोडा कठोर बोलतो.

आईंची भीती दूर करा. हत्तीरोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने होत नाही आणि तो आनुवंशिकही नाही. डासाला अळ्या मिळाव्या लागतात, त्या डासात वाढाव्या लागतात, आणि दुसऱ्या माणसात रोग रुजायलाही असे डास पुष्कळ काळ पुष्कळदा चावावे लागतात. मुलांसाठी मच्छरदाणी, तुंबलेली गटारे वाहती करणे, संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधणे आणि मोहिमेतला डोस न चुकवणे, एवढे पुरे.

उत्तर – वर्ध्याचे फिजिशियन

पर्यवेक्षक साहेबांनी मुख्य गोष्ट नेमकी सांगितली आहे. मी निदान आणि औषधांपुरते लिहितो.

पूर्व विदर्भात पाय सुजला की हत्तीरोग असे सरसकट म्हणण्याची सवय आहे, आणि तिच्यामुळे कधी कधी वेगळेच आजार मागे राहतात. दोन्ही पाय सारखे सुजत असतील, दाबल्यावर खोल खड्डा पडत असेल, जिना चढताना धाप लागत असेल किंवा सकाळी चेहरा सुजत असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचा तपास आधी व्हायला हवा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनीही पावले सुजतात, आणि गोळी बदलली की सूज जाते. एकच पाय एक-दोन दिवसांत अचानक फुगला आणि पोटरी दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. तिथे घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करावी. शिरा फुगून, घोट्याच्या आतल्या बाजूला काळे डाग आणि व्रण पडून येणारी सूज ही शिरांच्या आजाराची असते.

तुमच्या वडिलांची सूज एकाच पायाला आहे, वर्षानुवर्षे हळूहळू वाढली आहे, पावलाच्या वरच्या भागावर आहे आणि मधूनमधून ताप येतो आहे. हे चित्र लसीकेच्या सुजेशी जुळते. आणखी एक साधी खूण तुम्हाला पाहता येईल. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलून पाहा. उजव्या पायाची कातडी पातळ घडीसारखी उचलली जाईल. डाव्या पायाची चिमटीत येतच नसेल तर ती लसीकेची सूज आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उचलली गेली म्हणून मात्र नसल्याचे सिद्ध होत नाही, कारण सुरुवातीच्या काळात ती उचलली जाते.

लघवीच्या गोळ्यांबद्दल: या सुजेतले पाणी प्रथिनांनी दाट झालेले असते. लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी काही काळ कमी होते, प्रथिने तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाब यांच्यासाठी ती गोळी दिली असेल तर तिचे कारण वेगळे आहे, आणि त्या स्थितीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये. केवळ पायाच्या सुजेसाठी असेल तर तिचा उपयोग नाही.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दल कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. जंतांच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंवर ते काम करते आणि सहा आठवडे दिल्यास सूजही कमी होते असे आफ्रिकेतील एका अभ्यासात दिसले होते. त्यानंतर भारतासह काही देशांत ज्या चाचण्या झाल्या, त्यांत सर्वच रुग्णांना पायाची शिस्तशीर निगा शिकवली होती, आणि तिच्याखेरीज गोळीचा वेगळा असा फायदा दिसला नाही. ताप कमी झाले ते दोन्ही गटांत. मला स्वतःला हा निष्कर्ष औषधाच्या अपयशापेक्षा साबणपाण्याच्या यशाचा वाटतो, पण कोणत्याही औषध कंपनीला तो तसा छापावासा वाटणार नाही.

वर्षातून अनेकदा ताप येत असेल तर प्रतिबंधासाठी दीर्घकाळ पेनिसिलीन देतात. तो निर्णय तपासून घ्यायचा असतो. अंडवृद्धी असेल तर तिथे शस्त्रक्रिया उत्तम काम करते आणि ती सरकारी रुग्णालयांत होते; अनेक पुरुष संकोचाने हे बोलतच नाहीत, तेव्हा भावाकडून विचारून घ्या. पायासाठी लसीकावाहिनी बारीक शिरेला जोडण्याची सूक्ष्मशस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते. तिचा उपयोग वाहिन्या थोड्याफार जिवंत असतात तोवर, म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेत, अधिक होतो. फार मोठ्या झालेल्या पायातील जादा ऊती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया वेगळ्या. कोणतीही केली तरी त्यानंतर निगा आणि दाबपट्टी आयुष्यभर सुटत नाही, हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, नागपूर

माझ्याकडे बहुतांश रुग्ण स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या स्त्रिया असतात; काखेतल्या ग्रंथी पूर्णपणे काढल्या तर साधारण पाचांपैकी एकीला ही सूज येते. कारण वेगळे असले तरी सूज उतरवण्याची रीत हत्तीपायातही तीच असते, आणि वरच्या उत्तरांत राहिलेला भाग, म्हणजे दाबपट्टी, त्यात महत्त्वाचा आहे.

औषधाच्या दुकानात मिळणारे बदामी रंगाचे क्रेप बँडेज फार ताणले जाते. पोटरीचा स्नायू आकुंचला की ते त्याच्यासोबत सैल होते, आणि माणूस स्वस्थ पडला की मात्र आवळत राहते. आपल्याला हवे ते नेमके याच्या उलट. लसीकेच्या सुजेसाठी कमी ताणाचे बँडेज वापरतात. ते जवळजवळ ताणलेच जात नाही, त्यामुळे चालताना स्नायू त्या कठीण भिंतीवर दाबला जातो आणि पाणी वर ढकलले जाते, तर झोपल्यावर दाब सौम्य राहतो. म्हणून हे बांधून चालायचे असते, बांधून बसायचे नसते. आधी बोटे वेगवेगळी गुंडाळतात, मग कापसाचा किंवा फोमचा थर, विशेषतः वळीच्या खाचेत, आणि त्यावर घोट्यापासून वर जाताना दाब कमी होत जाईल अशा रीतीने थर देतात. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे तज्ज्ञाकडून रोज बांधून, सोबत हलक्या हाताचे लसीका-मर्दन आणि व्यायाम करून पाय उतरवतात, आणि उतरलेल्या पायाचे माप सकाळी घेऊन त्यावर दाबमोजा शिवतात. सुजलेल्या पायाच्या मापाचा मोजा घेतला तर तो सूज सांभाळून ठेवतो, कमी करत नाही. रोज वापरल्यास मोजाची ताकद सहा महिन्यांत सरते; तो बदलावा लागतो, आणि हा खर्च आधीच धरून चालावे.

दाब देण्यापूर्वी पावलातील नाडी तपासलेली असावी. धमन्या अरुंद असतील, मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल किंवा हृदय नीट काम करत नसेल तर चुकीचा दाब धोक्याचा ठरतो. आणि तापाच्या दिवसांत पट्टी पूर्ण बंद. ठणका उतरल्यावरच पुन्हा सुरू.

घरी लगेच करण्यासारखे म्हणजे, बसल्या जागी टाचा उचलणे-टेकवणे, पाऊल घोट्यातून गोल फिरवणे, पोटातून खोल श्वास घेणे, आणि रात्री पलंगाच्या पायथ्याकडील पायांखाली दोन-दोन विटा ठेवणे. हृदयविकार असल्यास विटा नकोत. फरक कळावा म्हणून टाचेच्या तळापासून दहा, वीस आणि तीस सेंटीमीटरवर पेनाने खुणा करून पंधरा दिवसांतून एकदा, एकाच वेळी, शिंप्याच्या टेपने घेर मोजा आणि वहीत लिहा. डोळ्यांचा अंदाज यात फसवतो.

उत्तर – पिंपरीकर

सगळे वाचले. माझे मत असे की मूळ कारण चिखल असेल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा वडिलांना शेती बंद करायला लावून पुण्यातच आणावे. बटाईने जमीन देता येते.

उत्तर – आरमोरीची शिक्षिका

पिंपरीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण ज्याची बांधी (धानाचे शेत) आहे त्याला रोवणीच्या दिवसांत घरात बसवणे किती अवघड असते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हत्तीपाय असलेल्या माणसाला आधीच लोक लग्नकार्यात मागच्या रांगेत बसवतात; त्यात काम सुटले की तो मनानेही खचतो. माझा स्वतःचा उजवा पाय असा आहे. मी शाळेत उभी राहून शिकवते. पूर्वी दर पावसाळ्यात मला अंथरूण धरावे लागे. आरोग्य केंद्रातील बाईंनी धुण्याची पद्धत दाखवल्यापासून ते ताप हळूहळू विरळ झाले आणि आता क्वचितच येतात. पाय सडपातळ झालेला नाही, हे खरे सांगते. पण कातडी मऊ झाली, वास गेला, चप्पल मिळू लागली, आणि साडीच्या निऱ्या मुद्दाम खाली सोडायची माझी सवय सुटली.

चपलेबद्दल एक सूचना. बंद प्लास्टिकचे बूट नकोत. पुढे रुंद, मागे पट्टा असलेली आणि वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी सँडल घ्यावी, आणि ती संध्याकाळी घ्यावी, कारण सकाळी बरोबर बसलेली सँडल संध्याकाळी काचते.

प्रतिसाद – वैनगंगाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आईला फोनवर सांगून बेचक्या पाहायला लावल्या. शेवटच्या दोन्ही बेचक्यांत चिखल्या आहेत आणि एकीत चीर आहे. चिमटीत कातडी येत नाही. बाबांना मधुमेह असून गोळ्या चालू आहेत, हे मी आधी लिहायला हवे होते. लघवीची गोळी सुजेसाठीच दिली होती की रक्तदाबासाठी, हे चिठ्ठीवरून कळत नाही, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारूनच ठरवू. दोन शंका आहेत. बाबा शेती सोडणार नाहीत, तर बांधीत उतरताना गमबूट घालावेत का? आणि त्यांना वाकून स्वतःच्या बोटांपर्यंत पोहोचता येत नाही, मग पट्टी आईने बांधली तर चालेल का?

उत्तर – सेवानिवृत्त आरोग्य पर्यवेक्षक

गमबूट घालावेत, पण सुजलेला पाय सहज आत जाईल इतके मोठे, आणि आतून कोरडे सुती मोजे. आत पाणी शिरले तर तसेच दिवसभर वावरू नये, कारण मग बूटच चिखलाचे काम करतो. एक जास्तीचा मोज्यांचा जोड धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पिशवीत ठेवावा, दुपारच्या भाकरीच्या वेळी बूट काढून पाय पुसावा, मोजे बदलावेत आणि बूट उलटे करून ठेवावेत. चीर बुजेपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन आठवडे, त्यांना बांधीत उतरू देऊ नका. एवढे तरी ऐकतील. पऱ्हे (धानाची रोपे) उपटण्याआधीच, म्हणजे उन्हाळ्यातच, बेचक्या कोरड्या करून ठेवल्या तर रोवणीचा काळ निभावतो. मधुमेह असल्याने साखर आटोक्यात नसेल तर चिखल्या बऱ्या होणार नाहीत, म्हणून तीही याच आठवड्यात तपासून घ्या.

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, नागपूर

मधुमेह आहे म्हटल्यावर पट्टीची घाई करू नका. आधी पावलाची नाडी आणि संवेदना तपासून घ्या आणि बेचकीतली चीर भरू द्या. तोवर धुणे, वाळवणे, पाय उंचावणे आणि घोट्याचे व्यायाम एवढेच. त्यानंतर आई अवश्य बांधू शकतील. माझ्या कितीतरी रुग्णांची पट्टी घरचेच बांधतात. फक्त त्यांनी एकदा प्रत्यक्ष येऊन शिकावे आणि माझ्यासमोर किंवा दुसऱ्या तज्ज्ञासमोर स्वतःच्या हाताने बांधून दाखवावे. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून बांधलेली पट्टी बहुधा पोटरीपाशी घट्ट आणि घोट्यापाशी सैल होते, आणि मग पाऊल अधिकच फुगते. बांधल्यावर बोटांची टोके निळसर दिसली, मुंग्या आल्या किंवा दुखू लागले तर पट्टी लगेच सोडायची. बाबांची संवेदना कमी असेल तर त्यांना मुंग्या जाणवणारच नाहीत, म्हणून बांधल्यानंतर अर्ध्या तासाने बोटांचा रंग आईंनी स्वतः डोळ्यांनी पाहायचा.